भविष्याकडे बघणारं पाणमांजर

थोरलीने दोन्ही हात दगडावर ठेवले, वरपासून खालपर्यंत एकदा फिरवले, नाक ओढलं आणि विचारलं, "कुकर आहे का?"

धाकट्याच्या हातातला हातोडा हातातच राहिला. अडीच महिने तो त्या दगडाशी झुंजला होता. पाठ गेली होती, उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं होऊन पडलं होतं, आणि नवीन यायचं की नाही याचा विचार करत होतं.

"नीट बघ," तो म्हणाला.

"बघता आलं असतं तर तुला विचारलं असतं का?"

त्याच्या या थोरल्या बहिणीचे डोळे सहा वर्षांपूर्वी गेले. पूर्ण नाही, दार कुठे आहे आणि जेवण आलं की नाही एवढं कळायचं. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आणि तो अडुसष्टचा. तरी ती त्याला धाकट्याच म्हणायची. गल्लीनेही तेच नाव उचललं होतं. नातवंडं झालेला माणूस धाकटा म्हणूनच मरणार, हे त्याने कधीच मान्य करून टाकलं होतं.

गावामागच्या डोंगरात सगळ्यांच्या आधीपासून राहणारी, दगड फोडून त्यात जनावरं कोरणारी अशी त्यांची माणसं. त्या माणसांत एक रीत होती. कोरलेलं काम पुरं झालं की नाही हे कोरणाऱ्याने ठरवायचं नाही. दुसऱ्या कोरणाऱ्याने डोळे मिटून त्यावर हात फिरवायचा आणि जनावराचं नाव घ्यायचं. नाव बरोबर आलं, की बुडाशी तीन रेघांची खूण मारायची, ओल्या चिखलात पक्ष्याचा पाय उमटतो तशी. नाव आलं नाही तर खूण नाही. बिनखुणेचा दगड दारात टाका, त्यावर कपडे वाळत घाला, बसून पाय हलवा. पण आमच्या माणसांचं काम म्हणून तो कुणाला दाखवायचा नाही.

एके काळी कोरणारे अकरा होते. आता हे दोघे. म्हणजे नाव घेणारी एक थोरलीच. तिला डोळे मिटायचा त्रास वाचला होता, एवढीच काय ती सोय.

"पुन्हा फिरव हात," धाकटा म्हणाला. "सावकाश."

तिने सावकाश फिरवले. उंच मानेवरून, ताठ पाठीवरून, छातीवर ठेवलेल्या पंज्यावरून. पंज्यापाशी थांबली.

"हा माणूस आहे. कारकून. बसची वाट बघतोय, आणि पाकीट मारलं गेलंय का ते चाचपतोय."

दारात उभी असलेली धाकट्याची सून पदर तोंडावर धरून आत पळाली. आत भांडं पडल्याचा आवाज आला. भांडं नाही, ती हसत होती.

"पाणमांजर आहे ते," धाकटा म्हणाला.

"असं होय," थोरली म्हणाली. "मग त्याला दवाखान्यात न्या."

झालं होतं असं. नगरपालिकेची नवी इमारत उभी राहिली आणि तिच्या दर्शनी दाराशी मूळच्या माणसांचं काहीतरी असावं, असं कुणाच्या तरी मनात आलं. त्यासाठी एक सल्लागार बाई नेमल्या. बाई वाईट नव्हत्या. नदीकाठच्या जुन्या खडकांपर्यंत त्या चिखलातून चालत गेल्या, एक चप्पल तिथेच घालवून आल्या. त्या खडकांवर तेरा पाणमांजरं आहेत, कुणी कोरली हे आता कुणालाच ठाऊक नाही. त्यातलं एक तोंड उघडं टाकून झोपलंय. दोन जण चारचौघांत करू नये ते करतायत. बाकीची अंगाचं वेटोळं करून आपलंच ढुंगण चाटतायत. त्या वेटोळ्यांना बाईंनी आपल्या माहितीपुस्तिकेत 'ध्यानस्थ मुद्रा' असं नाव दिलं होतं.

पुस्तिका वाचून दाखवली तेव्हा थोरली अंगणात खाटेवर बसली होती.

"ध्यान कसलं बाई," ती म्हणाली. "ढुंगण चाटतंय ते."

"हो, पण त्यामागचा भाव," बाई म्हणाल्या. "तुमच्या पूर्वजांची निसर्गाशी एक नाळ होती, आजी."

"नाळ सुईणीने कापली. आमचे पूर्वज आळशी होते. मासे लागेनात की बसल्या बसल्या दगड खरडायचे. समोर जे दिसलं ते काढलं." मग तिला एकदम काही आठवलं. "धाकट्या, लंगडी आठवते का रे? बंधाऱ्यावरची?"

धाकट्याला आठवत होती. ते लहान असताना बंधाऱ्यावर एक पाणमांजर यायचं. मादी होती. मागचा डावा पाय अर्धाच. ती रोज वडिलांच्या टोपलीतला मासा पळवायची. वडील रोज तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि रोज एक मासा टोपलीत सगळ्यात वर, हाताशी येईल असा ठेवायचे. पण त्या वेळी त्याचं लक्ष लंगडीकडे नव्हतं. बाईंनी उलगडलेल्या कागदाकडे होतं.

कागदावरचं पाणमांजर सहा फूट उंच, लाटांवर दोन पायांनी उभं. मान वर, एक पंजा छातीवर, नजर लांब कुठेतरी. खाली लिहिलेलं बाईंनी वाचून दाखवलं, 'भविष्याकडे बघणारं पाणमांजर'.

"भविष्याकडे," थोरलीने पुन्हा विचारून घेतलं. "पाणमांजर माशाकडे बघतं. मासा नसला तर स्वतःच्या बुडाकडे बघतं. तिसरं काही बघताना मी तरी पाहिलं नाही."

पण धाकट्याने होकार दिला. आयुष्यभर त्याने बसस्टँडसमोरच्या दुकानासाठी तळहाताएवढे बेडूक कोरले होते. लोक ते पिशवीत घालून न्यायचे, कागदांवर ठेवायचे, आणि वारा नसला की विसरायचे. एकदा, फक्त एकदा, पिशवीत न मावणारं काहीतरी आपल्या हातून व्हावं आणि ते दर्शनी दाराशी उभं राहावं, असं त्याला तरुणपणापासून वाटत होतं. दगडही एकच होता. वडिलांनी खाणीतून आणून अंगणात टाकलेला, सहा फुटी, काळा. ती खाण आता पाण्याने भरली. एवढा दगड पुन्हा मिळणार नव्हता. दगड आपला, हात आपले; मान जरा वर केली तर कुणाचं काय बिघडणार होतं?

आता बिघडलं होतं, आणि चांगलंच.

"तुझे हात गेले," तो थोरलीला म्हणाला. रागाने म्हणाला, आणि म्हणताक्षणी वाटलं, नको होतं म्हणायला.

थोरलीने राग मानला नाही. तिने सुनेला हाक मारली. "पोरी, त्या फळीवर जे काय पडलंय ते एकेक दे माझ्या हातात."

सुनेने एकेक दिलं.

"बेडूक. हाही बेडूक, पण फुगलेला. हा सरडा. ही घोरपड, तुझ्या आजेसासऱ्यांनी ताप असताना कोरली, म्हणून एक डोळा कपाळावर आहे. हा पुन्हा बेडूक, धाकट्याचा, घाईत केलेला. हा साबण."

"साबण मी मुद्दाम दिला, आत्याबाई," सून म्हणाली.

"कळलं. वासावरून नव्हे हं, हातावरून."

धाकटा उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर थोरली खाटेवर आडवी झाली. घोरू लागली. धाकट्याने बारीक छिन्नी काढली. पाच दिवसांनी क्रेन येणार होती. दगड पुरा होता, नकाशाबरहुकूम होता, बाईंनी परवाच येऊन फोटो काढून नेले होते. राहिली होती ती तीन रेघांची खूण. त्याने गुडघे टेकले, बुडाशी छिन्नी लावली आणि एक, दोन, तीन रेघा ठोकल्या.

मागे घोरणं थांबलं.

"तीन वाजले का रे?"

"वाजले असतील," धाकटा म्हणाला.

"ठोके ऐकले मी. तीन."

"घड्याळाचे असतील."

"आपल्याकडे ठोके देणारं घड्याळ कधी आलं? मला आधी सांगितलं असतंस तर वेळ तरी विचारली असती."

धाकट्याने छिन्नी मांडीखाली सरकवली. सून भांडी घासत होती, तिने नळ बंद केला.

थोरली उठून बसली. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "धाकट्या, मी गेल्यावर काय मारायचं ते मार. तेव्हा तुला विचारणारं कुणी उरणार नाही. पण एक विचार कर. नदीवरच्या खडकांवर हीच खूण आहे. पुढं कधी कुणी त्या दगडाला हात लावेल, मग तुझ्या या कारकुनाला लावेल. खूण एकच. त्याला काय वाटेल? की आपल्या माणसांनी पाणमांजर कधी बघितलंच नव्हतं."

"पाच दिवस राहिलेत, ताई."

"आधी ती खूण घास."

त्याने घासली. ग्राइंडर लावून घासली. नाहीतर तो ग्राइंडरला हातही लावायचा नाही. मग बादली उलटी घालून तिच्यावर बसला आणि संध्याकाळपर्यंत त्या सहा फुटी सभ्य जनावराकडे बघत राहिला. जनावर त्याच्याकडे बघत नव्हतं. ते भविष्याकडे बघत होतं.

दगडाचं एक आहे. त्यातून काढता येतं, त्यात घालता येत नाही. कणकेचं काम असतं तर मान दाबून खाली केली असती. इथे जी वर गेली ती वर गेली. आता खरं पाणमांजर हवं असेल तर ते या उभ्या कारकुनाच्या पोटातच कुठेतरी असलं पाहिजे. बाहेर त्याला जागा नव्हती.

सकाळी तो खडू घेऊन उभा राहिला. दोनदा रेघा मारल्या, दोनदा पुसल्या.

"वेटोळं बसत नाही," तो म्हणाला. "मान कुठून वळते तेच आठवत नाही. साठ वर्षं झाली बघून."

"मला आठवतंय," थोरली म्हणाली. "थांब, दाखवते."

"तोंडाने सांग."

"तोंडाने सांगण्यासारखं नाही ते."

आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईने खाटेवर बसल्या जागी मान खाली घातली, पाठीची कमान केली, एक पाय दोन्ही हातांनी धरून वर उचलला आणि डोकं त्याच्याखाली न्यायला लागली. सून धावली.

"आत्याबाई, अहो काय करताय, शेजारचे बघतायत."

"बघू देत. मला ते दिसत नाहीत." आवाज तिच्या गुडघ्याआडून येत होता. "धाकट्या, बघितलंस? मान बगलेतून जाते. पोट दुमडतं, त्याची घडी इथे पडते. शेपूट या अंगाने पुढे येतं. शेपूट मला नाही, ते तू समजून घे."

धाकट्याने भराभर खडू फिरवला. छातीवरचा तो पंजा, पाकीट चाचपणारा, त्याच्यात दगड भरपूर होता. त्यातून तोंड निघत होतं. खालच्या लाटांतून पाय निघत होते. होतं, पाणमांजर आत होतं. कारकुनाच्या पोटात वेटोळं करून बसलं होतं.

"झालं का?" थोरलीने विचारलं.

"झालं."

"मग आता मला सरळ करा. माझं मला जमत नाहीये."

तिला सरळ करायला दोघं लागले. कंबरेला गरम पाण्याची पिशवी बांधून ती दोन दिवस पडून होती. पडल्या पडल्या शिव्या घालत होती. पाणमांजराला, नगरपालिकेला आणि मधूनमधून वडिलांना.

धाकट्याने पहिल्यांदा डोकं उडवलं. ज्या डोक्याला त्याने अठरा दिवस दिले होते ते घणाच्या चार घावांत खाली आलं आणि अंगणात घरंगळत दारापर्यंत गेलं. दार वाऱ्याने आपटायचं. सुनेने ते डोकं तिथेच दाराला अडसर म्हणून लावलं. मग त्याने खांदे उतरवले, पाठ वाकवली. सहा फुटांचे साडेतीन फूट झाले. जेवायची शुद्ध नव्हती. सून ताट ठेवायची आणि दगडाच्या भुकटीसकट परत न्यायची.

चौथ्या दिवशी मागचा डावा पाय राहिला होता. छिन्नीने ठोकताना आवाज बद्द आला. चांगला दगड खणकन वाजतो. बद्द वाजला की आत चीर असते. पन्नास वर्षं दगड ऐकणाऱ्या माणसाला ते कळलं नाही असं नाही. कळलं, पण हात पुढे गेलेला होता. पाय गुडघ्याखाली तुटला आणि त्याच्या पायाशी पडला.

क्रेन सकाळी येणार होती. दुसरा दगड नव्हता. दर्शनी दार तर कालच गेलं होतं, साडेतीन फुटांना कोण विचारतंय. पण निदान खूण तरी मिळेल असं वाटलं होतं. आता तेही नाही. तुटका पाय त्याने खिशात घातला, तोंड धुतलं आणि थोरलीला हाताला धरून अंगणात आणलं. पायाचं काही बोलला नाही.

"बस या बादलीवर," तो म्हणाला. "फिरव हात."

थोरलीने हात ठेवले. पाठीवरून सुरुवात केली. कमानीवरून खाली उतरली, पोटाच्या घडीत बोटं घातली, बगलेतून गेलेली मान शोधली, मानेच्या टोकाशी नाक, नाकाशी मिशांचे खळगे. नाक कुठे टेकलंय तिथपर्यंत गेली आणि घशातून बारीकसा आवाज काढला. हात पुढे सरकले. शेपटीला वळसा घालून मागच्या उजव्या पायावर गेले. तिथून डाव्या पायावर.

तिथे थांबले.

धाकट्याने खिशातला तुकडा मुठीत घट्ट धरला.

थोरलीची बोटं त्या तुटक्या टोकावर परत गेली, पुन्हा परत गेली. मग तिचे खांदे हलायला लागले. धाकट्याला वाटलं, रडते की काय. तिला रडताना त्याने शेवटचं कधी बघितलं होतं हे आठवत नव्हतं. पण ती हसत होती. दात नसलेलं तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"चोरटी मेली," ती म्हणाली. "लंगडी आहे ही. धाकट्या, टोपली आत ने आधी."

तुटका पाय धाकट्याने खिशातून काढला नाही. मरेपर्यंत तो तिला सांगणार नव्हता, आणि तिला ते आधीच कळलं असणार, हेही त्याला ठाऊक होतं.

"मार आता," थोरली म्हणाली.

त्याने बारीक छिन्नी घेतली. एक, दोन, तीन.

"आता वाजले तीन," ती म्हणाली.

सकाळी क्रेन आली. पाठोपाठ सल्लागार बाई आल्या, नवीन चपला घालून. त्या दारातून आत आल्या, दगडाकडे बघितलं, हातातल्या फोटोकडे बघितलं, पुन्हा दगडाकडे बघितलं.

"काका," त्या अगदी हळू म्हणाल्या, "भविष्य कुठे गेलं?"

"दाराला लावलंय," सून म्हणाली.

बाईंनी वळून बघितलं. दाराखालून ते डोकं लांब कुठेतरी बघत होतं. त्यांना बसायला काही लागेल असं सुनेला वाटलं, तिने बादली सरकवली. त्या बसल्या. सहा फुटांना शोभेल असा चौथरा बांधून झाला होता. पितळी पाटी बसवून झाली होती. परवा उद्घाटन. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. धाकटा मान खाली घालून ऐकत होता. करारात उंची लिहिली होती आणि त्याखाली त्याची सही होती.

"बाई," थोरली म्हणाली, "डोळे मिटा आणि एकदा हात लावा. मग काय ओरडायचं ते ओरडा."

बाईंनी क्रेनवाल्याकडे बघितलं. त्याने नम्रपणे दुसरीकडे तोंड फिरवलं. बाईंनी डोळे मिटले. हात पाठीवरून गेले, मानेवरून गेले, नाकापाशी पोचले, आणि विस्तवाला लागल्यासारखे मागे आले.

"हे काय करतंय?"

"खडकावर करतंय तेच."

मग बाईंचा एक हात परत पाठीवर गेला आणि तिथे बराच वेळ राहिला. "चार हजार पुस्तिका छापल्या मी," त्या म्हणाल्या. "ध्यानस्थ मुद्रा."

"ध्यान लागतं हो त्याचंही," थोरली म्हणाली. "लक्ष देऊनच करावं लागतं ते."

दर्शनी दार काही मिळालं नाही. समितीने फोटो बघून कानांवर हात ठेवले. पण बाई चिवट होत्या. दगड परत पाठवला तर तो उचलण्याची, आणण्याची, नेण्याची तीन वेगवेगळी कारणं लेखी द्यावी लागतील, असं त्यांनी समितीला समजावलं. शेवटी पाणमांजर मागच्या बाजूला गेलं, दाखल्यांच्या खिडकीसमोर, लोक तासन्‌तास ताटकळतात तिथे. चौथरा नाही, पाटी नाही. भिंतीशी जमिनीवर बसवून टाकलं. दर्शनी चौथऱ्यावर समितीने एक कुंडी ठेवली. पितळी पाटी स्क्रूने घट्ट बसली होती ती तशीच राहिली, म्हणून आजही तिथे एक रबराचं झाड भविष्याकडे बघणारं पाणमांजर म्हणून उभं आहे.

धाकट्याला लागलं. लागलं नाही असं म्हणणं खोटं होईल. उद्घाटनाला तो गेला नाही.

चार महिन्यांनी थोरलीचा हयातीचा दाखला काढायचा होता. जिवंत असल्याचं दर वर्षी स्वतः जाऊन सांगावं लागे. दोघं मागच्या दाराने आत गेले. खिडकीपुढे रांग होती, पाणमांजराला लागूनच. थोरलीला त्याने बाकावर बसवलं.

"कसं दिसतंय?" तिने विचारलं.

धाकट्याने बघितलं. पाठीची कमान चकचकीत झाली होती. त्याने कधी एवढी घासली नव्हती. ताटकळणाऱ्यांचे हात लागून लागून झाली होती.

"ढुंगण चमकतंय," तो म्हणाला.

"माझं मेलं कधी चमकलं नाही."

रांगेत एक जाडसर माणूस उभा होता, बगलेत कागद, डोळे खिडकीतल्या कारकुनावर. कारकून कपाटात काहीतरी शोधत होता आणि त्याला ते सापडू नये असंच वाटत असावं. जाड्याने कंटाळून अंगाचा भार एका पायावर टाकला आणि रिकामा हात न बघताच बाजूच्या दगडावर टेकवला. हात आपोआप पाठीवरून खाली घसरला, शेपटीवरून पुढे गेला, थांबला. खिडकीवरची नजर न हलवता तो मागच्या माणसाला म्हणाला, "या पाणमांजराचा पाय तोडला बघ कुणीतरी. काही म्हणून नीट ठेवत नाहीत लोक."

थोरलीने धाकट्याला कोपर मारलं.

"ऐकलंस?"

"पाय तोडला म्हणाला," धाकटा पुटपुटला.

"त्याच्या आधी काय म्हणाला?"

धाकटा उत्तर द्यायला गेला, पण तेवढ्यात खिडकीतून थोरलीच्या नावाने पुकारा झाला, आणि ती अजून जिवंत आहे का असं कारकुनाने विचारलं.

"आहे," धाकटा म्हणाला. "हात लावून बघा."